मिखाईल मिल : ‘एमआय’ हेलिकॉप्टरांचे शिल्पकार

भारतात कोठेही महापूर आला, हिमालयात दरड कोसळली किंवा सीमेवरील दुर्गम चौकीत रसद पोहोचवायची झाली, की बातम्यांमध्ये एमआय-१७ या हेलिकॉप्टरचे नाव हमखास येते. त्याआधीची कित्येक वर्षे एमआय-४ आणि एमआय-८ ही नावे अशाच बातम्यांतून येत असत. यातील ‘एमआय’ ही अक्षरे एखाद्या तांत्रिक संज्ञेचे संक्षिप्त रूप नाहीत. ती आहेत मिखाईल लिओन्त्येविच मिल या सोव्हिएत अभियंत्याच्या आडनावातील पहिली दोन अक्षरे.

मिल यांनी स्थापन केलेल्या संस्थेतून हलक्या हेलिकॉप्टरपासून जगातील सर्वांत अवजड हेलिकॉप्टरपर्यंत अनेक यंत्रे बाहेर पडली. त्यांची हेलिकॉप्टरे जगभरातील देशांच्या हवाई दलांत दाखल झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशके उडत राहिली. सैनिकांची वाहतूक आणि प्रत्यक्ष लढाई ही दोन्ही कामे एकाच यंत्राने करावीत, ही त्यांची सर्वांत धाडसी कल्पना मात्र आजही वादाचा विषय आहे.

सैबेरियातील बालपण

मिल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०९ रोजी सैबेरियातील इर्कुत्स्क या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते, तर आई दंतवैद्य होती. विमानांची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी तयार केलेल्या विमानाच्या प्रतिकृतीला स्पर्धेत पारितोषिक मिळाले होते.

१९२६ मध्ये त्यांनी तोम्स्क येथील तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. तेथे विमानविद्या शिकविली जात नव्हती. त्यामुळे १९२८ मध्ये ते दक्षिण रशियातील नोवोचेरकास्क येथील दोन पॉलिटेक्निक संस्थेत दाखल झाले आणि १९३१ मध्ये पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांना ऑटोगायरो या यंत्राने आकर्षित केले होते. स्पेनचे अभियंते हुआन द ला सिएर्वा यांनी हे यंत्र नुकतेच जगापुढे आणले होते.

ऑटोगायरोला विमानासारखा पुढे खेचणारा पंखा असतो आणि डोक्यावर एक मोठा रोटर असतो. हा रोटर इंजिनाने फिरत नाही. यंत्र पुढे जाऊ लागले, की समोरून येणाऱ्या वाऱ्याने तो आपोआप फिरतो आणि यंत्राला उचलून धरतो. त्यामुळे ऑटोगायरो अगदी कमी वेगात उडू शकते, परंतु हेलिकॉप्टरप्रमाणे हवेत एका जागी स्थिर राहू शकत नाही. हेलिकॉप्टरचा जन्म होण्यापूर्वीची ही महत्त्वाची पायरी होती. पदवी मिळाल्यावर मिल मॉस्कोतील केंद्रीय वायुगतिकी संस्थेत, म्हणजेच ‘त्सागी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधन संस्थेत रुजू झाले, ते या यंत्रांवर काम करण्यासाठीच. पुढे हेलिकॉप्टरनिर्मितीत त्यांचे प्रतिस्पर्धी ठरलेले निकोलाय कामोव हेही त्या काळात याच क्षेत्रात कार्यरत होते.

युद्ध आणि संशोधन

१९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. त्या वेळी कामोव यांच्या ए-७ जातीच्या ऑटोगायरोंची एक छोटी तुकडी स्मोलेन्स्कजवळील येल्न्या आघाडीवर पाठविण्यात आली. या तुकडीबरोबर अभियंता म्हणून मिल हेही गेले होते. ही यंत्रे टेहळणीसाठी आणि शत्रूच्या प्रदेशात पत्रके टाकण्यासाठी वापरण्यात आली. त्यांची कामगिरी मर्यादित होती. मात्र ओबडधोबड मैदानावरून उडणाऱ्या यंत्राची देखभाल प्रत्यक्ष रणभूमीवर कशी करावी लागते, याचा अनुभव मिल यांना तेथे मिळाला. त्यांची पुढील हेलिकॉप्टरे साध्या जागेत उतरण्याबद्दल आणि दणकटपणाबद्दल ओळखली गेली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

युद्धकाळातच त्यांनी सैद्धांतिक संशोधनही सुरू ठेवले. हेलिकॉप्टर पुढे जात असताना रोटरच्या एका बाजूचे पाते वाऱ्याच्या दिशेने, तर दुसऱ्या बाजूचे पाते वाऱ्यापासून दूर जात असते. साहजिकच एका बाजूला उचल जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी मिळते. यावर तोडगा म्हणून पाती बिजागरीवर बसविली जातात, जेणेकरून ती किंचित वर-खाली हलू शकतील. परंतु अशा हलत्या पात्यांमुळे कंपने निर्माण होतात आणि यंत्राचे संतुलन राखणे अवघड होते. मिल यांनी नेमक्या याच प्रश्नाचा अभ्यास केला. १९४३ मध्ये त्यांनी विमानाच्या नियंत्रणक्षमतेवरील प्रबंध पूर्ण केला आणि १९४५ मध्ये बिजागरीच्या पात्यांच्या रोटरविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पहिले उड्डाण, पहिला आघात

अमेरिकेत इगोर सिकॉर्स्की यांची हेलिकॉप्टरे दुसऱ्या महायुद्धातच सैन्यात दाखल झाली होती. सोव्हिएत संघ या क्षेत्रात मागे पडला होता. १२ डिसेंबर १९४७ रोजी मिल यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र रचना कार्यालय स्थापन करण्याचा निर्णय झाला. मॉस्कोच्या तुशिनो भागात या कार्यालयाचे काम सुरू झाले.

त्यांचे पहिले हेलिकॉप्टर पुढे एमआय-१ या नावाने ओळखले गेले. चाचणी वैमानिक मात्वेय बायकालोव यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये त्याचे पहिले उड्डाण केले. आनंद फार काळ टिकला नाही. पहिला नमुना अपघातात नष्ट झाला. त्या वेळी बायकालोव यांनी पॅराशूटच्या साहाय्याने उडी घेऊन प्राण वाचविले. मार्च १९४९ मध्ये दुसऱ्या नमुन्याच्या अपघातात मात्र त्यांचा मृत्यू झाला. नव्याने स्थापन झालेल्या संस्थेसाठी हा मोठा आघात होता. प्रकल्प थांबविला जाण्याची शक्यताही होती. तथापि काम पुढे सुरू राहिले, दोष दूर करण्यात आले आणि १९५१ मध्ये तुशिनो येथील हवाई प्रात्यक्षिकांत एमआय-१ जनतेसमोर आले. नंतर त्याचे उत्पादन पोलंडमध्येही झाले.

एका वर्षाची मुदत

कोरियन युद्धात अमेरिकी सैन्याने हेलिकॉप्टरचा केलेला वापर पाहून सोव्हिएत नेतृत्व अस्वस्थ झाले. १९५१ मध्ये स्टॅलिन यांनी सैनिकांची वाहतूक करणारी हेलिकॉप्टरे तातडीने तयार करण्याचे आदेश दिले. मुदत होती अवघ्या एका वर्षाची. मिल यांनी एका रोटरच्या हेलिकॉप्टरची, तर अलेक्झांडर याकोवलेव यांनी दोन रोटरच्या मोठ्या हेलिकॉप्टरची जबाबदारी स्वीकारली.

त्यातून १९५२ मध्ये एमआय-४ आकाराला आले. त्यात १२ सशस्त्र सैनिक बसू शकत. मागील बाजूस शिंपल्यासारखी उघडणारी दारे होती, त्यामुळे लहान जीपही आत चढविता येत असे. पात्यांच्या धोकादायक थरथरीमुळे सुरुवातीला अडचणी आल्या. लाकडी पात्यांचे आयुष्यही कमी होते. पुढे धातूची पाती आली आणि हे हेलिकॉप्टर भरवशाचे ठरले. सोव्हिएत संघात ३ हजारांहून अधिक एमआय-४ तयार झाली, शिवाय चीनमध्येही त्याचे उत्पादन झाले. या कामगिरीबद्दल मिल यांना लेनिन पारितोषिक देण्यात आले.

टर्बाइनचे युग

१९५७ मध्ये एमआय-६ ने उड्डाण केले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे हेलिकॉप्टर होते. त्याच्या पाच पात्यांच्या रोटरचा व्यास ३५ मीटर होता. पिस्टन इंजिनाऐवजी त्यात दोन टर्बाइन इंजिने होती. टर्बाइन इंजिन आपल्या वजनाच्या मानाने कितीतरी अधिक शक्ती देते. हेलिकॉप्टरसाठी ही बाब निर्णायक असते, कारण इंजिनाचे वाचलेले प्रत्येक किलो वजन प्रवासी, माल किंवा इंधनाच्या रूपाने नेता येते. एमआय-६ सुमारे १२ टन भार उचलू शकत असे. १९६१ मध्ये त्याने ताशी ३०० किलोमीटरची वेगमर्यादा ओलांडली आणि अमेरिकन हेलिकॉप्टर सोसायटीने त्याबद्दल सिकॉर्स्की पारितोषिक देऊन मिल यांच्या संस्थेचा गौरव केला. शीतयुद्धाच्या काळातील हा सन्मान उल्लेखनीय होता.

त्याच वर्षी एमआय-८ चा पहिला नमुना हवेत झेपावला. एमआय-४ ची सुधारित आवृत्ती म्हणून या प्रकल्पाला सुरुवात झाली होती. प्रत्यक्षात ते जवळपास नवे यंत्र होते. एमआय-४ चे अवजड इंजिन नाकाच्या भागात होते आणि वैमानिक त्याच्या वर बसत. एमआय-८ मध्ये टर्बाइन इंजिने छतावर गेली, त्यामुळे संपूर्ण कक्ष मोकळा झाला आणि दुपटीने सैनिक नेणे शक्य झाले. सुरुवातीच्या नमुन्यात एकच इंजिन होते. १९६२ मध्ये दोन इंजिनांचा नमुना उडाला. एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधारे उड्डाण चालू ठेवण्याची सोय त्यामुळे झाली. एमआय-८ आणि त्यापासून विकसित झालेले एमआय-१७ या कुटुंबातील १२ हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे आजवर तयार झाली आहेत. सैन्य, रुग्णवाहतूक, अग्निशमन, तेलक्षेत्रे आणि ध्रुवीय मोहिमा अशा सर्व ठिकाणी ती वापरली गेली. १९६६ मध्ये मिल यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

उडते चिलखती वाहन

साठच्या दशकात सोव्हिएत पायदळाकडे नवी चिलखती लढाऊ वाहने येऊ लागली होती. ही वाहने सैनिकांना रणभूमीवर नेत आणि तोफेच्या माऱ्याने त्यांना साथही देत. हेच काम हवेतून का होऊ नये, असा विचार मिल यांनी मांडला. १९६६ मध्ये त्यांच्या कारखान्यात व्ही-२४ या हेलिकॉप्टरची पूर्णाकृती प्रतिकृती तयार झाली. त्यात सात-आठ सैनिकांसाठी कक्ष होता, तसेच तोफ, रॉकेट आणि क्षेपणास्त्रे बसविण्याची व्यवस्था होती.

लष्करातील अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांना ही कल्पना पसंत नव्हती. हाच पैसा पारंपरिक शस्त्रांवर खर्च करावा, असे त्यांचे मत होते. मिल यांनी मार्शल आंद्रेई ग्रेचको यांना तज्ज्ञांची समिती नेमण्यास राजी केले. समितीतही मतभेद झाले, परंतु अखेर प्रकल्पाच्या बाजूने कौल मिळाला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सशस्त्र हेलिकॉप्टरांचा केलेला वापरही या निर्णयास कारणीभूत ठरला. मिल यांच्या कार्यालयाने ७ टनांचा एका इंजिनाचा आणि साडेदहा टनांचा दोन इंजिनांचा असे दोन प्रस्ताव दिले होते. ६ मे १९६८ रोजी दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरला मंजुरी मिळाली आणि सप्टेंबर १९६९ मध्ये एमआय-२४ ने उड्डाण केले.

वेळ वाचविण्यासाठी एमआय-८ कुटुंबात सिद्ध झालेल्या यंत्रणांचा यात उपयोग करण्यात आला. दोन्ही बाजूंना आखूड पंख होते. त्यांना शस्त्रे लटकविली जात, शिवाय वेगाने उडताना एकूण उचलीचा काही भागही हे पंख देत असत. पुढील आवृत्त्यांमध्ये वैमानिक आणि शस्त्रचालक यांच्यासाठी एकामागे एक असे दोन काचेचे घुमट आले. तेच रूप आज जगभर परिचित आहे.

कागदावरील आकडे आणि प्रत्यक्षातील वजन

एमआय-२४ ची ही आकृती संगणकावरील युद्धखेळांत आणि पटावर मांडल्या जाणाऱ्या लढायांत लोकप्रिय झाली. असे खेळ खेळणारे हौशी लोक स्वतःची काल्पनिक लढाऊ हेलिकॉप्टरेही रचतात. त्यांच्या तक्त्यात चिलखत, तोफ, क्षेपणास्त्रे, सैनिकांची संख्या, वेग आणि पल्ला असे रकाने असतात. कागदावर प्रत्येक रकान्यात मोठा आकडा लिहिता येतो. खऱ्या रचनाकाराला ती मुभा नसते. रोटर ठरावीकच वजन उचलतो. चिलखत वाढविले, तर सैनिक कमी होतात. सैनिक वाढविले, तर इंधन घटते आणि पल्ला आखडतो. उष्ण हवा आणि उंच डोंगर असतील, तर विरळ हवेमुळे रोटरची उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही कमी होतात आणि सगळाच हिशेब बदलतो. मिल यांचे सारे कार्य म्हणजे या हिशेबातून काढलेला मार्ग होता.

एमआय-२४ च्या बाबतीत हा हिशेब १९७९ ते १९८९ या काळातील अफगाणिस्तानच्या युद्धात कठोरपणे समोर आला. तेथील उष्णता आणि उंचीमुळे पूर्ण शस्त्रसज्ज हेलिकॉप्टरला सैनिकांचे वजन झेपत नसे. त्यामुळे मागील कक्ष बहुधा रिकामाच राही आणि सैनिकांची वाहतूक एमआय-८ कडे सोपविली जाई. हल्ल्यासाठी मात्र एमआय-२४ अत्यंत प्रभावी ठरले. डोंगरातील मुजाहिदीन आणि गावांतील सामान्य नागरिक, दोघांनाही त्याची दहशत वाटत असे. १९८६ पासून खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या स्टिंगर क्षेपणास्त्रांमुळे या हेलिकॉप्टरांना आपली कार्यपद्धती बदलावी लागली.

मिल यांच्याच संस्थेने नंतर तयार केलेले एमआय-२८ हे हल्ल्याचे हेलिकॉप्टर १९८२ मध्ये प्रथम उडाले. त्यात सैनिकांसाठी कक्ष ठेवण्यात आला नाही. संस्थापकाच्या कल्पनेतील एक भाग त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी अशा प्रकारे बाजूला ठेवला. तरीही एमआय-२४ सेवेतून गेले नाही. दोन हजारांहून अधिक संख्येने तयार झालेले हे हेलिकॉप्टर अनेक देशांत वापरले गेले. गस्त, रसद तुकड्यांचे संरक्षण किंवा जखमींना बाहेर काढणे अशा वेळी तो लहानसा कक्ष उपयोगी पडत असे.

सर्वांत मोठे यंत्र आणि अखेर

मिल यांच्या अखेरच्या वर्षांतील आणखी एक प्रकल्प म्हणजे व्ही-१२. एमआय-६ च्या रोटर यंत्रणेचे दोन संच दोन्ही बाजूंच्या पंखांच्या टोकांवर बसवून हे महाकाय हेलिकॉप्टर तयार करण्यात आले होते. दुर्गम भागात अवजड क्षेपणास्त्रे नेणे हा त्यामागील उद्देश होता. ६ ऑगस्ट १९६९ रोजी वैमानिक वासिली कोलोशेंको यांनी या हेलिकॉप्टरच्या साहाय्याने ४४ हजार २०५ किलो भार २ हजार २५५ मीटर उंचीवर नेला. हा विक्रम आजही अबाधित आहे. परंतु ज्या कामासाठी त्याची रचना झाली, त्याची गरजच उरली नाही. दोन नमुन्यांनंतर प्रकल्प बंद झाला.

३१ जानेवारी १९७० रोजी वयाच्या साठाव्या वर्षी मिल यांचे मॉस्को येथे निधन झाले. एमआय-२४ चे पहिले उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. ते सैन्यात दाखल झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९७१ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात व्ही-१२ ने जगाचे लक्ष वेधले, तेव्हाही ते हयात नव्हते. त्यांच्यानंतर संस्थेची सूत्रे मरात तिश्चेन्को यांच्याकडे आली. त्यांच्या कारकिर्दीत एमआय-२६ हे प्रचंड क्षमतेचे हेलिकॉप्टर तयार झाले. संस्थेला मिल यांचे नाव देण्यात आले. अलीकडच्या काळात मिल आणि कामोव या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या संस्था एकाच राष्ट्रीय केंद्रात विलीन झाल्या आहेत.

भारताशी नाते

भारतीय हवाई दलात एमआय-४ चा प्रवेश १९६० च्या सुमारास झाला. १९६२ च्या चीन युद्धात ईशान्येकडील डोंगराळ भागात आणि लडाखमध्ये या हेलिकॉप्टरांनी रसद पोहोचविली आणि जखमींना परत आणले. त्यांची सर्वांत संस्मरणीय कामगिरी मात्र डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धातील आहे. लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या चौथ्या कोअरला ढाक्याच्या दिशेने जायचे होते, परंतु मेघना नदीचे विशाल पात्र वाटेत होते आणि पूल उद्ध्वस्त करण्यात आला होता. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली एमआय-४ हेलिकॉप्टरांनी दिवसरात्र फेऱ्या करून सैनिकांना नदीपार उतरविले. त्याआधी सिल्हेट येथे गुरखा पलटणीलाही याच हेलिकॉप्टरांनी उतरविले होते. ढाक्याचा पाडाव वेगाने होण्यात या हवाई सेतूचा मोठा वाटा होता. डझनभर सैनिक नेण्याची क्षमता असलेले, स्टॅलिन यांच्या एका वर्षाच्या मुदतीत जन्मलेले यंत्र येथे युद्धाच्या निकालावर प्रभाव टाकून गेले.

त्यानंतर एमआय-८ ने भारतात चार दशकांहून अधिक काळ सेवा बजावली. डिसेंबर २०१७ मध्ये बंगळुरूजवळील येलहंका येथे त्याला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. एमआय-२४ ची निर्यातीसाठी तयार केलेली आवृत्ती, एमआय-२५, १९८४ मध्ये हवाई दलात आली आणि १९८७ मध्ये श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेत वापरली गेली. १९९९ च्या कारगिल संघर्षात मूळच्या वाहतुकीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांना रॉकेट लावून टोलोलिंगवरील शत्रूच्या ठाण्यांवर हल्ले करण्यात आले. २८ मे रोजी त्यांपैकी एक हेलिकॉप्टर शत्रूच्या क्षेपणास्त्राला बळी पडले आणि त्यातील चारही जवान हुतात्मा झाले. वाहतुकीचे यंत्र लढाईत उतरविताना कोणती किंमत मोजावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

२०१३ मध्ये उत्तराखंडातील प्रलयात एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी यात्रेकरूंची सुटका केली. त्याच मोहिमेत एका हेलिकॉप्टरला अपघात होऊन २० जणांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ झालेल्या अपघातात संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांचे निधन झाले, तेही एमआय-१७ जातीच्या हेलिकॉप्टरमध्येच.

मिल यांच्या पश्चात पाच दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचे सर्वांत मोठे हेलिकॉप्टर आज संग्रहालयात आहे आणि त्यांच्या सर्वांत धाडसी कल्पनेला पुढील पिढीने मुरड घातली. जगाने सर्वाधिक वापरले ते त्यांचे साधे, कोणत्याही माळरानावर उतरणारे, माणसे आणि धान्य वाहणारे एमआय-८. पूरग्रस्त गावावर घिरट्या घालणाऱ्या त्याच्या वारसदाराकडे आशेने पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मिखाईल मिल हे नाव ठाऊक असेल, पण त्या यंत्रावर त्यांच्या नावाची दोन अक्षरे आजही कायम आहेत.